शेपटीकडची तुकडी

कुवेतमधल्या मंगफच्या आमच्या फ्लॅटमध्ये देवांच्या खालोखाल मान होता तो बाबांच्या मासेमारीच्या लायसनला. पत्त्याच्या पानाएवढं कार्ड, त्यावर अरबीतल्या चार ओळी आणि कोपऱ्यात बाबांचा फोटो, ज्यात ते कुणीतरी मागून चिमटा काढल्यासारखे दिसत. हे कार्ड त्यांनी अब्बासियातल्या झेरॉक्सवाल्याकडून दोनदा लॅमिनेट करून आणलं होतं, कारण पहिल्या खेपेला आत हवेचा बुडबुडा राहिला आणि तो नेमका त्यांच्या नाकावर आला. मग कंपनीच्या आयडीची जुनी दोरी त्याला लावली आणि दर शुक्रवारी सकाळी ते लायसन बाबांच्या गळ्यात पडायचं. गळ नंतर, टोपी नंतर, आधी लायसन. आई म्हणायची, "मंगळसूत्र मी येक दिस इसरान, पण ह्येंचा ता कार्ड काय इसराचा नाय."

बाबा तेलाच्या पट्ट्यातल्या एका प्लांटवर टेक्निशियन होते आणि मालवणचे होते. कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळींना एवढं पुरेसं होतं. मालवणचा माणूस म्हणजे माशांतला शेवटचा शब्द, असं पुण्या-औरंगाबादच्या लोकांनी परस्पर ठरवून टाकलं आणि बाबांनी ते अजिबात नाकारलं नाही. खरी गोष्ट अशी की आमचं घर मालवणच्या बाजारपेठेत, आजोबांचं कापडाचं दुकान. आजोबांचे पाय समुद्राला लागायचे ते वर्षातून एकदा, गणपती पोचवायला, आणि तेव्हाही ते लेंगा गुडघ्यापर्यंत वर धरून उभे राहायचे. बाबांनी पहिला गळ हातात धरला तो कुवेतमध्ये, लग्नानंतर, मी शाळेत जायला लागल्यावर. पण परदेशात माणूस गावाला जे नव्हता ते बनून घेतो. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ तिथे येऊन शास्त्रीय गायक झाले होते, त्यापेक्षा बाबांचा मासेमार परवडला.

खाडीकाठची होती ती आई. ओहोटीला चिखलात उतरून मुळे-तिसऱ्यांसारखे शिंपले वेचणं, खडकावरची कालवं फोडणं, ह्यात तिचं लहानपण गेलेलं. पण आमच्या मराठी मंडळाच्या गप्पांत तिला कुणी कधी काही विचारलं नाही. तिला विचारत ते सोलकढीचं प्रमाण.

शुक्रवारी सकाळी निघायचो ते बाबा, आई, मी आणि कुलकर्णीकाका. काका पुण्याचे, एका बँकेत अकाउंटंट, शुद्ध शाकाहारी. मासे खाणं सोडाच, माशाचा वास आला की ते रुमाल शोधायचे. तरी ते दर शुक्रवारी यायचे, कारण त्यांना नियमांची भूक होती आणि मासेमारीत नियम भरपूर होते. जाळं टाकायचं नाही, पिंजरा लावायचा नाही, अमुक उपसागरात जायचं नाही, तमुक महिन्यात तमुक मासा धरायचा नाही, छोटा सापडला तर परत सोडायचा. हे सगळं काकांनी मिळवून, कुणाकडून तरी भाषांतर करून घेऊन फाइलला लावलं होतं. ते वाळूत घडीची खुर्ची टाकायचे, काकूंनी दिलेले दडपे पोहे मांडीवर घ्यायचे आणि फाइल वाचायचे. सापडलेला मासा मोजायला त्यांनी शाळेतली फूटपट्टी आणून ठेवली होती. मी त्या पट्टीने भूगोलाच्या गृहपाठातल्या रेघा मारायचे, कारण मोजण्यासारखं कधी काही आलंच नाही.

खरंच आलं नाही. बाबा कमरेवर हात ठेवून समुद्राकडे असे बघायचे की एखाद्याला वाटावं, आत्ता हा माणूस हाक मारील आणि हमूर मासा स्वतःहून चालत येईल. तास जायचे, चहा संपायचा, ऊन चढायचं. मग परतीच्या वाटेवर गाडी मासळीबाजारापाशी थांबायची, बाबा आत जायचे आणि पिशवी घेऊन यायचे. घरी आल्यावर त्या पिशवीबद्दल काही बोलायचं नाही, हा आमचा घरगुती करार. संध्याकाळी कुणी आलं की आईच्या हातची तिरफळं घातलेली आमटी वाढली जायची आणि बाबा म्हणायचे, "सकाळीच काढलाय, ताजा." एकदा आईला राहवलं नाही. पाहुण्यांसमोरच म्हणाली, "तुमच्या दर्यात बरफ पडता काय ओ? माशाच्या कल्ल्यात गावलो माका." पाहुणे हसले, बाबाही हसले, पण नंतर दोन दिवस त्यांनी आमटीला नावं ठेवली.

आम्ही जायचो ती जागा दक्षिणेला, खिरानच्या वाटेवर. हमरस्ता सोडून वाळूतून थोडं आत गेलं की उघडा किनारा लागायचा आणि तिथे पाण्यात एक हदरा उभा होता. हदरा म्हणजे मासे अडकवायचं कुंपण. किनाऱ्यापासून आत समुद्रापर्यंत रोवलेले खांब, त्यांना ताणलेली जाळी आणि टोकाला एक गोल खोलीसारखी जागा. भरतीला मासा जाळीच्या कडेकडेने पोहत त्या खोलीत शिरतो, ओहोटीला पाणी उतरलं की आत अडकतो, आणि मालक चालत जाऊन त्याला उचलून आणतो. हा हदरा एका जुन्या कबिल्यातल्या घराण्याचा होता. त्यांच्या पणजोबांच्याही आधीपासून त्या पाण्यावर त्यांचा हक्क, आणि तो कुठल्या कार्डावर छापलेला नव्हता. आता असे हदरे फारसे उरले नाहीत म्हणतात.

पहिल्याच वर्षी त्या घरातला एक तरुण पिकअपमधून उतरून आमच्याकडे आला होता आणि हाताने 'लांब व्हा, लांब' अशी खूण करत होता. बाबांनी छाती पुढे काढून लायसन दाखवलं. त्याने ते हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, परत दिलं आणि म्हणाला, "हे समुद्राचं. हे पाणी आमचं." तेवढं अरबी मला कळलं, मी बाबांना सांगितलं. आम्ही सामान उचलून पलीकडे सरकलो. कुलकर्णीकाकांनी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली आणि निकाल दिला, "कागदावर ह्याचा कुठे उल्लेख नाही. म्हणजे त्यांचा हक्क नाहीच मुळी." हे त्यांनी पिकअप दिसेनाशी झाल्यावर सांगितलं.

माझ्या अरबीचंही सांगायला हवं. आमच्या भारतीय शाळेत अरबी सक्तीचं होतं आणि आमचं पुस्तक म्हणजे 'हे दार आहे, ही खिडकी आहे, ही माझी आई आहे'. बोलताना आम्ही बातम्या वाचल्यासारखे बोलायचो. कुठल्याही बकालेवाल्यापुढे, म्हणजे किराणावाल्यापुढे, मी तोंड उघडलं की तो हसत सुटायचा. पण घरात दुसऱ्या कुणाला तेवढंही येत नव्हतं, म्हणून पाणीवाल्यापासून घरमालकापर्यंत सगळीकडे मला पुढे केलं जायचं.

मी दहावीत होते त्या वर्षीचा एक शुक्रवार. हवा नुकती गार झालेली. त्या दिवशी ओहोटी अशी लागली होती की समुद्र पार लांब गेला आणि हदऱ्याचे खांब बुडापासून उघडे पडले. बाबांनी नेहमीप्रमाणे पलीकडे, पाण्याच्या कडेला ठाण मांडलं होतं. काका पोहे खात होते. आई गाडीच्या सावलीत बसून कंटाळली. तिने डिकीतली चाळण घेतली, सुपरमार्केटची पिशवी घेतली, ओढणी कमरेला खोचली आणि ओल्या वाळूतून चालू लागली. शिंपल्या वेचायला जात असेल म्हणून मी पुस्तकात डोकं घातलं.

थोड्या वेळाने तिची हाक आली. अशी हाक मी तिच्या तोंडून कुवेतमध्ये कधी ऐकली नव्हती. "गो बायऽ, हयसर ये! शेवटे बघ कितके ते!"

ती हदऱ्याच्या गोल खोलीत उभी होती, घोट्याएवढ्या पाण्यात, आणि तिच्या पायांभोवती शेवटे नुसते फडफडत होते. शेवटे म्हणजे आमच्या खाडीतले मासे, कुवेतच्या बाजारात ह्यांनाच 'मेद' म्हणतात. चाळण बाजूला ठेवून ती हातानेच धरत होती. एका हाताने डोक्याशी दाबायची, दुसऱ्याने शेपटी, की गेला पिशवीत. सलवार मांडीपर्यंत भिजलेली, केस सुटलेले, आणि ती हसत होती. मी माझ्या आईला तशी कधीच पाहिली नव्हती. इतकी वर्षं ती फ्लॅटमध्ये किती गप्प गप्प होती, हे मला तिला हसताना बघून कळलं.

पिशवी अर्धी भरली आणि दोन गाड्या आल्या. पहिली किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्यांची, दुसरी तीच पिकअप. ह्या खेपेला तिच्यातून एक म्हातारा उतरला. पांढरा डगला, पायांत रबरी बूट, हातात टोपली. ते बू नासिर, हदऱ्याचे मालक. गस्तीवरचा ऑफिसर तरुण होता, चेहऱ्याने बरा होता, पण त्याने समोर जे पाहिलं ते असं: परकी बाई, दुसऱ्याच्या हदऱ्यात, हातात माशांनी भरलेली पिशवी. त्याने आईला बाहेर यायची खूण केली आणि विचारलं, "लायसन?"

आईने मान हलवली. त्याने बताका, म्हणजे ओळखपत्र, मागितला. तो गाडीत पर्समध्ये होता, मी धावत जाऊन आणला. ऑफिसरने तो उलटून पाहिला आणि खिशात ठेवला. खिशात. ज्याने परदेशात दिवस काढले आहेत त्याला हे सांगायला नको की आपलं कार्ड दुसऱ्याच्या खिशात जाणं म्हणजे काय. तो अरबीत भरभर बोलत होता, त्यातले मला कळले ते शब्द: मुखालफा (नियमभंग), चोरी आणि पोलीस ठाणं. अशा गोष्टींवरून लोकांना डिपोर्ट केलेलं आम्ही ऐकून होतो. खरंखोटं देव जाणे, पण त्या वयात ऐकलेलं सगळं खरंच असतं. आईला परत पाठवतील, मी आणि बाबाच राहू, परीक्षेच्या वेळी घरात कुणी नसेल, असं सगळं एकदम डोक्यात आलं.

मी वळून पाहिलं. आमचे दोन पुरुष येत होते. कुलकर्णीकाका फाइल छातीशी धरून पुढे आले, ऑफिसरने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि पुण्यातला हा कायदेपंडित हात जोडून इंग्रजीत म्हणाला, "सर, आय ॲम व्हेजिटेरियन." एवढी एकच साक्ष देऊन ते मागे सरले.

मग बाबा. मला वाटलं, आता बाबा बोलतील. दर शुक्रवारी समुद्राला दरडावणारे माझे बाबा. त्यांनी गळ्यातली दोरी वर केली, लायसन ऑफिसरच्या नाकासमोर धरलं आणि म्हणाले, "सर, आय हॅव लायसन्स. शी, नो लायसन्स. आय टोल्ड हर."

काय सांगितलं होतं त्यांनी तिला? काही नाही. सकाळी निघताना 'चहात साखर कमी आहे' एवढंच सांगितलं होतं. आईचं इंग्रजी बेताचंच, पण हे तीन तुकडे तिला न कळण्यासारखे नव्हते. तिने बाबांकडे पाहिलं, रागाने नाही, बाजारात मासा दाबून बघताना बघते तसं, आणि नजर काढून घेतली. मला बाबांची इतकी शरम वाटली की भीती पळूनच गेली. मी ऑफिसरसमोर उभी राहिले आणि पुस्तकातलं वाक्य म्हटलं, "हाझिही उम्मी." ही माझी आई आहे. शाळेतलं एखादं वाक्य उपयोगी पडण्याची ती पहिलीच वेळ. ऑफिसरला हसू आलं, ते त्याने मिशीत दाबलं.

"विचार तिला," बू नासिर मला म्हणाले. ते सावकाश, मला कळेल असं बोलत होते. "माझ्या हदऱ्यात का शिरली?"

आईने पिशवी खाली ठेवली, हात ओढणीला पुसले. आवाज बारीक होता पण कापत नव्हता. "तेंका सांग, आमच्या खाडयेतय असा कुपण आसा. मालकान उचलल्यार जा काय उरता, ता बायल माणसांचा. माझी आवस वेचायची, मीय वेचलंय. हयसर पाणी पार उतारला, म्हणान माका वाटला, मालक येवन गेलो."

मी ते जमेल तसं, 'ही खिडकी आहे'च्या अरबीत सांगितलं. ओहोटी, मालक, आधी, नंतर, बायका. बू नासिर ऐकत राहिले. मग त्यांनी आईकडे पाहत विचारलं, "म्हणजे आधी कुणी घ्यायचं?"

"मालकान," आई म्हणाली. हे भाषांतराशिवायच त्यांना कळलं बहुतेक.

"मालक शुक्रवारी उशिरा येतो," ते म्हणाले. "नातवंडं जमतात." मग ऑफिसरकडे वळून, "माझ्या आईच्या वेळी इथेही असंच होतं. आम्ही घेतल्यावर शेजारच्या बायका यायच्या. मग शेजारच राहिला नाही, सगळे शहरात गेले." त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "हदऱ्यातला मासा समुद्राचा नाही, माझा आहे. तो मी हिला दिला. माझ्या घरातलं मी कुणाला द्यायला तुझं लायसन लागत नाही."

ऑफिसर थोडा घुटमळला. वयाने मोठ्या माणसाशी वाद घालावा असं त्याला वाटलं नसावं. त्याने आईचा बताका काढून माझ्या हातात दिला आणि "खलास" म्हणून तो गाडीकडे निघाला. जाता जाता बाबांकडे बोट दाखवून त्याने बू नासिरना विचारलं, "आणि हा तिचा नवरा ना?"

म्हाताऱ्याने बाबांना टोपीपासून बुटापर्यंत न्याहाळलं, लायसनपाशी त्यांची नजर जरा जास्त वेळ थांबली. "नवरा?" ते म्हणाले. "मला वाटलं, तुझ्याच खात्यातला आहे."

ऑफिसर ह्या वेळी उघड हसला. "काय म्हणाले गं?" बाबांनी मला विचारलं. "विचारतायत, तुम्ही कोण," मी म्हटलं. पण आईला मी ते गाडीत मागच्या सीटवर कानात जसंच्या तसं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. ती हसली नाही.

त्या दिवशी गाडी मासळीबाजारापाशी थांबली नाही. कुलकर्णीकाका मध्येच एकदा म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर..." आणि बाबांनी रेडिओ लावला. दुपारी आईने शेवटे साफ केले, मोठे होते त्यांच्या तुकड्या केल्या, तांदळाच्या पिठात घोळून तळल्या. आमच्या घरात मधली तुकडी बाबांची, ही लग्नापासूनची रीत. त्या दुपारी बाबांच्या ताटात शेपटीकडची तुकडी पडली. सगळी काट्याची, बोटभर मांसाची. मधली माझ्या ताटात आली. बाबांनी माझ्या ताटाकडे पाहिलं, मग आईकडे, मग खाली मान घालून काटे काढायला लागले.

पुढे आम्ही तिथे कितीतरी वर्षं जात राहिलो. आईला आत जायची मुभा होती. बू नासिरनी टोपली उचलली की त्यांच्या घरच्या बायका आणि आई हदऱ्यात उतरायच्या, आणि त्या काय बोलायच्या देव जाणे, कारण एकीला अरबी येत नव्हतं आणि बाकीच्यांना मालवणी. तरी हसण्याचे आवाज किनाऱ्यापर्यंत यायचे. नंतर खजूर आणि कावा, म्हणजे तिकडची कॉफी, यायचा. बाबांना मात्र कुंपणाच्या जवळ गळ टाकायची बंदी, कबिल्याचा नियम. ते पलीकडे, लांब, गळ्यात लायसन घालून उभे राहायचे. त्यांना काही सापडलं का, हे विचारायचं आम्ही सोडून दिलं होतं. मंडळात मात्र त्यांनी ही गोष्ट सांगायला सुरुवात केली, आणि तिच्यात ते हळूहळू पुढे पुढे सरकत गेले. आधी 'आम्ही ऑफिसरला समजावलं' होतं, मग 'मी' झालं, आणि माझ्या लग्नापर्यंत तर त्यांनी ऑफिसरला चांगलाच झापला होता. आईने एकदाही दुरुस्ती केली नाही. ती तेवढी शेपटीकडची तुकडी वाढायची. सुरमई असो, हमूर असो, रावस असो. लोकांना वाटे, बाबांना आवडते.

आता माझेच केस पिकायला लागलेत. आईबाबा निवृत्तीनंतर मालवणला घर बांधून राहतात, समुद्र ऐकू येईल इतक्या जवळ, आणि बाबा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. गेल्या मे महिन्यात मी नवऱ्यामुलांसह गेले होते. जेवताना बाबांनी माझ्या नवऱ्याला तीच गोष्ट सांगितली. आता तिच्यात ऑफिसर माफी मागून जातो. मी आईकडे पाहिलं. ती तव्यावरची सुरमई उलटत होती. तिने सगळ्यांना वाढलं आणि बाबांच्या ताटात नेहमीची तुकडी टाकली.

बाबांना आता कवळी आहे. त्यांनी एक घास घेतला, तोंडातून काटा काढला, दुसरा काढला, आणि कधी नव्हे ते म्हणाले, "काटे अडाकतत गे आता. एकदा तरी मधली वाढ."

आईचं उलथनं हवेत थांबलं. तिने त्यांच्याकडे न बघताच विचारलं, "लायसन आसा?"

मुलं हसली, त्यांना वाटलं आजी गंमत करते. बाबा हसले नाहीत. ते उष्ट्या हाताने उठले, आतल्या खोलीत गेले, कपाटाचं दार वाजलं. परत आले तेव्हा त्यांच्या हातात ते कार्ड होतं, दोरीसकट. फोटो पिवळा पडला होता, लॅमिनेशन कडेने सुटलं होतं. त्यांनी ते आईच्या हातात दिलं आणि पाटावर बसले. आईने हात पुसले, चष्मा नव्हता म्हणून कार्ड लांब धरलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, अगदी पहिल्या वर्षी बू नासिरच्या घरातल्या तरुणानं पाहिलं होतं तसं.

"ह्याची तर मुदत संपली," ती म्हणाली, कार्ड त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं, आणि शेपटीकडची आणखी एक तुकडी वाढली.